अत्तर कोण कुणाला लावतं, सीन तिथे आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जहांगीरच्या काळात घडणारं दोन अंकी नाटक लिहिताय. नायिका शाही खुशबूखान्यात काम करणाऱ्या गंध्याची मुलगी, नायक एक शहजादा. पहिल्या अंकात, बागेतल्या प्रवेशात, तो तिला दासीच्या हातून गुलाबाच्या अत्तराची कुपी पाठवतो. नाटकाच्या शेवटी, बारा वर्षांनंतर, पडद्याआडून आलेल्या त्याच वासावरून तिला ओळखतो. दिग्दर्शक म्हणतो, वास काही प्रेक्षकाला येत नाही, तेव्हा अत्तर काढा आणि अंगठी घाला. अत्तर ठेवायचं तर कसं, हे तुम्ही विचारताय.

ठेवा. पण आत्ता आहे तसंच राहणार असेल तर दिग्दर्शकाचं बरोबर आहे. तुमच्या संहितेत अत्तर अंगठीचंच काम करतंय. दिलं, जपलं, शेवटी ओळख पटली. हे काम अंगठी जास्त चोख करते, शकुंतलेपासून करत आलीये. अंगठी काढून डबीत ठेवता येते, परत करता येते, विकताही येते. अत्तराचं तसं नाही. एकदा हाताला लागलं की ते लपत नाही, आणि ज्याच्यासाठी लावलं त्याच्याआधी ते दारावरच्या पहारेकऱ्याला, दासीला, सवतीला कळतं. प्रेमाची खूण म्हणून दिलेली वस्तू त्याच क्षणी चारचौघांत ओरडून सांगते की ही कुणाची आहे. नायिकेला ते हवं आहे का, हे तुमच्या संहितेत कुणी विचारलेलंच नाही. नाटक तिथून सुरू होतं.

मी चोवीस वर्षं ऐतिहासिक नाटकांसाठी आणि मालिकांसाठी संवाद लिहिते, शिवाय संशोधनही करते. त्यातली एक फजिती आधी सांगून टाकते. सुरुवातीच्या काळातल्या एका नाटकात आम्ही खरोखरच प्रेक्षागृहात वास सोडला होता. पहिल्या अंकात मोगरा, दुसऱ्यात ऊद. दोन्ही विंगांत धुपाटणी आणि त्यांच्यामागे टेबलफॅन. तालमीत सगळे खूश होते. प्रयोगात पहिल्या तीन रांगा खोकायला लागल्या, बाल्कनीत काहीच पोचलं नाही, आणि दुसऱ्या अंकात ऊद सोडला तेव्हा मोगरा गेलेलाच नव्हता. तिसऱ्या रांगेतल्या एक आजी मध्यंतरात आत येऊन विचारून गेल्या, कुणी अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवलाय का. नंतर आठ प्रयोग आम्ही धुपाटणी नुसती दिसायला ठेवली, आणि वासाबद्दलच्या प्रतिक्रिया तेव्हापासून यायला लागल्या. नट दारात थबकतो, मान किंचित वळवतो, बोलता बोलता वाक्य अर्धं सोडतो, एवढ्यावर लोकांना मोगरा यायचा. तेव्हा दिग्दर्शकाच्या हरकतीचा पहिला भाग सोडून द्या. प्रेक्षक नटाच्या नाकाने वास घेतो.

दुसरा भाग खरा आहे. नट नाक वर करून डोळे मिटतो हे एकदाच चालतं. अत्तराला रंगमंचावर काहीतरी करायला हवं. ते काय, याचं उत्तर दरबारी रिवाजात आहे.

आपण हळदीकुंकवाला हाताला अत्तर लावतो, गुलाबदाणी शिंपडतो, म्हणून तो प्रकार आपल्या डोक्यात स्वागताचा म्हणून बसलाय. दरबारात अत्तर-पान भेटीच्या शेवटी यायचं. मुघलांकडे, दख्खनी दरबारांत आणि पुढे मराठ्यांकडेही. तबक आलं, हाताला अत्तर लागलं, विडा मिळाला, की पाहुण्याने समजायचं की आता उठायचं. 'निघा' हा शब्द कुणालाच उच्चारावा लागत नसे. इंग्रजांनी हा रिवाज उचलला आणि त्यात आपली कारकुनी घातली. 19 व्या शतकातल्या दरबारांत व्हाइसरॉय संस्थानिकाला स्वतःच्या हाताने अत्तर-पान द्यायचा, संस्थानिकाच्या सरदारांना मात्र सेक्रेटरी नाहीतर अंडर-सेक्रेटरी. कुणाला कुणाच्या हातून मिळणार हे आधीच ठरलेलं असायचं, कारण त्यावरून ज्याची त्याची पायरी दिसायची.

आता हे तुमच्या नायिकेवर लावून बघा. शहजादा दासीकरवी कुपी पाठवत नाही, समोर उभा राहून स्वतःच्या बोटाने तिच्या हाताच्या पाठीवर अत्तर लावतो. त्याच्या मनात लाड आहे. शिवाय हा मोठा मानही आहे, कारण स्वतःच्या हाताने तो बरोबरीच्या माणसांनाच अत्तर लावतो. पण ही मुलगी लहानपणापासून पडद्यामागे उभी राहून बघत आलीये की अत्तर लावलं की माणूस जातो. तिला कळत नाही की आपल्याला जवळ घेतलं की निरोप दिला. आणि हात मागे घ्यायची तिची बिशाद नाही, कारण धरणारा हात शहजाद्याचा आहे. लाड आणि हुकूम हे दोन्ही एकाच बोटात आहेत. दासीच्या हातून आलेल्या कुपीत यातलं काहीच येत नाही.

गुलाबाचं अत्तर निवडलंत ते उत्तम केलंत, पण त्याची गोष्ट नीट माहीत करून घ्या. बहुतेक लोक तो शोध नूरजहाँच्या नावावर टाकतात. जहांगीर स्वतः आत्मवृत्तात वेगळं सांगतो. 1614 च्या नोंदीत तो लिहितो की हा शोध नूरजहाँच्या आईने, म्हणजे अस्मत बेगमने लावला. ती गुलाबपाणी तयार करत होती. गरम गुलाबपाणी सुरयांतून ताटांत ओतलं की वर एक साय धरायची. ती तिने थोडी थोडी करून गोळा केली. जहांगीर म्हणतो, यातला एक थेंब तळहाताला चोळला तर सगळी मैफल दरवळते, जणू असंख्य तांबड्या कळ्या एकदम उमलल्या. बक्षीस म्हणून त्याने अस्मत बेगमला मोत्यांची माळ दिली. तिथे सलीमा सुलतान बेगम हजर होत्या. बाबराची नात, आधी बैरामखानाची आणि मग अकबराची बेगम, जनान्यातली सर्वांत वजनदार व्यक्ती. त्यांनी या तेलाला नाव दिलं, इत्र-ए-जहांगिरी. 1614 च्या त्या नोंदीत त्यांच्या नावापुढे कबरीसाठी प्रार्थना आहे, म्हणजे तोवर त्या गेल्या होत्या.

मी हा उतारा नवीन लेखकांना दोनदा वाचायला लावते. पहिल्या वाचनात ती सुगंधाची गोष्ट वाटते. दुसऱ्या वाचनात माणसं कुठे उभी आहेत ते दिसायला लागतं. शोध लावते बादशहाची सासू. तिच्या घराण्याची दरबारातली चढण नुकती सुरू झालीये. मुलीचं जहांगीरशी लग्न 1611 चं, आणि तिचा स्वतःचा नवरा इतिमादउद्दौला, जहांगीरचा वजीर. नाव देते जुन्या बादशहाची विधवा. आणि नाव पडतं तिसऱ्याचंच, ज्याने यातलं काही केलेलं नाही. सलीमा बेगमने असं का केलं हे जहांगीर सांगत नाही. माझं वाचन असं, आणि ते माझंच आहे, की एका वाक्यात तिने दोन कामं उरकली. नव्या घराण्याच्या बाईचा शोध बादशहाचा करून टाकला, आणि त्याच नावाने तिला संरक्षणही दिलं, कारण आता त्या अत्तराला नाक मुरडणं म्हणजे बादशहाला नाक मुरडणं. आपल्या नाटकांत जनान्यातलं राजकारण म्हटलं की विष आणि चहाड्या येतात. एका थेंबाचं बारसं करून तेच राजकारण करता येतं, आणि तो प्रवेश लिहायला जास्त मजा येते.

तुमची नायिका गंध्याची मुलगी आहे, तर तिला हे माहीत असणार: वर साय धरते ती कुणाच्याही ताटात धरते, मोत्यांची माळ मात्र एकाच घरात जाते. तिच्या बापाने ती साय पंधरा वर्षं फेकून दिली असेल. हे वाक्य कुठेतरी वापरा.

काळाचं भान इथेच. नाटक 1615-20 च्या आसपास ठेवलंत तर गुलाबाचं अत्तर बसतं. अकबराच्या काळात नायिकेच्या हातात ते देऊ नका. त्या काळासाठी अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीतली खुशबूखान्याची यादी बघा. अर्गजा, चोवा (ऊदाचा अर्क), अंबर (देवमाशापासून मिळणारं सुगंधी द्रव्य), कस्तुरी, जवादी, भीमसेनी कापूर, चंदन, गुलाबपाणी. अर्गजा, कस्तुरी आणि जवादी हे शब्द मराठीत आहेतच, ते वापरले की संवादांना टिपणी लागत नाही. अकबर स्वतः मिश्रणं सुचवायचा, आणि दरबारात रोज सोन्याचांदीच्या धुपाटण्यांतून धूप जळायचा, असंही अबुल फजल सांगतो. वर्षातून दोनदा बादशहाची तुला व्हायची. सौर वाढदिवसाला बारा वस्तूंनी तोलत. पहिलं सोनं, मग पारा, मग रेशीम, आणि चौथी सुगंधी द्रव्यं. तांबं, तूप, लोखंड, धान्य, मीठ हे सगळं त्यांच्यानंतर.

किंमतीही त्याच ग्रंथात आहेत, आणि तिथे जरा रेंगाळायला हवं, कारण सत्ता तिथे आकड्यांत दिसते. चांगलं अंबर तोळ्याला 1 ते 3 मोहरा. कस्तुरी तोळ्याला 1 ते साडेचार रुपये. त्याच ग्रंथात साध्या मजुराची रोजंदारी 2 दाम आहे. 40 दामांचा रुपया, आणि गोल मोहर 9 रुपयांची. हिशेब करा. भारीतल्या अंबराचा एक तोळा, म्हणजे बारा ग्रॅमच्या आत-बाहेरचा एक खडा, 1080 दामांचा. मजुराचे 540 दिवस. आपल्याकडे उधळपट्टीला अत्तराचे दिवे जाळणं म्हणतात. इथे नुसता खडा तळहातावर ठेवला तरी तेवढं होतं. नायिका रोज असे खडे तोलते आणि संध्याकाळी हात झाडून घरी जाते. दारावर तिची झडती होते. पहारेकरी तिचे हात उघडून बघतो, वास घेतो, आणि तिच्या बोटांच्या पेरांना लागलेला चुरा कापडाने पुसून घेतो. झडतीचा हा तपशील माझ्या कल्पनेतला आहे, पण आकडे खरे असल्यामुळे तो तोलून धरतो. आणि त्याच बोटांना शहजादा अत्तर लावणार. रात्री दारावर तिला काय विचारलं जाईल याची त्याला कल्पनाही नाही. मला विचाराल तर तुमच्या पहिल्या अंकाचा कळस हा झडतीचा प्रवेश व्हायला हवा, आत्ता आहे तो बागेतला नव्हे.

हा माल येतो कुठून, हेही थोडं डोक्यात असू द्या. कस्तुरी हिमालयापलीकडून, अंबर समुद्रातून, ऊद पूर्वेकडच्या जंगलांतून. त्यामुळे खुशबूखान्यातल्या बाईला राज्याच्या सरहद्दी आपोआप कळतात. 'यंदा कस्तुरी आली नाही' एवढ्या वाक्यात डोंगरात काहीतरी बिघडलंय हे प्रेक्षकाला कळतं, आणि पुढचा मोहिमेबद्दलचा लांबलचक संवाद टळतो. ऊद म्हणजे आजारी झाडाचं लाकूड. झाडाला कीड-बुरशी लागली की ते स्वतःला वाचवायला राळ सोडतं आणि तीच सुवासिक होते. हे वाचून बहुतेक लेखकांना लगेच संवाद सुचतो. मलाही सुचला होता. नायिकेच्या तोंडी तो घालू नका, त्यावर वाचनाचा शिक्का दिसतो.

आता नाक. हा भाग बहुतेक नाटकं चुकवतात. कुठलाही वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक तो कळवायचं थांबवतं. आपण लावलेलं अत्तर आपल्याला येत नाही, दुसऱ्याला येतं. परक्याच्या घरात शिरताना जो वास येतो तो त्या घरातल्यांना येत नाही. म्हणून महालात राहणाऱ्या शहजाद्याला महालाचा वास येऊ देऊ नका. तो गंध्याच्या मुलीला येईल, तोही पहिल्याच दिवशी. दुसऱ्या अंकापर्यंत तिलाही येईनासा होईल, आणि ती राजवाड्याची झाली हे सांगायला तेवढं पुरे. तिचा बाप तिला भेटायला येतो, चार पावलांवर थांबतो, जवळ येत नाही. ती विचारते काय झालं. तो म्हणतो, काही नाही, दार उघडं ठेव जरा. तिला कळत नाही, प्रेक्षकाला कळतं.

प्रेमातही तसंच. रोजच्या माणसाचा वास त्याच्या असण्यात जाणवत नाही, तो गेल्यावर खोली बदलल्यासारखी वाटते तेव्हा जाणवतो. शहजाद्याला तिच्या वासाची आठवण ती समोर असताना देऊ नका. तो मोहिमेवरून परत येतो, दालन तेच, धुपाटणं तेच, आणि तो तीन वेळा विचारतो की इथलं काय हलवलंय. चाकर म्हणतो, काही नाही हुजूर.

इतर दरबारांतली दोन उदाहरणं, पटकन. हेइआन काळातल्या जपानमध्ये दरबारी माणसं स्वतःचा धूप स्वतः मळून तयार करायची, कपड्यांच्या बाह्या त्यावर धरायची. बायका पडद्याआड असायच्या, त्यामुळे चेहऱ्याआधी वास ओळखीचा व्हायचा. तुमच्या शेवटच्या प्रवेशाची कल्पना तिथे चपखल बसली असती. आणि फ्रान्सचा 14 वा लुई: तरुणपणी त्याने सुगंधांचा इतका अतिरेक केला की पुढे त्याला नारिंगाच्या फुलाखेरीज कुठलाच वास सोसेना. मग त्याच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येकाला आपला वास त्याच्या नाकाप्रमाणे ठेवावा लागला. राजाचं डोकं दुखतं म्हणून अख्खा दरबार अत्तर बदलतो, यात प्रेमकथेला केवढी जागा आहे. राजाला न चालणारा वास एखादी बाई मुद्दाम लावून आली तर?

आता तुमच्या शेवटाबद्दल. गुलाब बारा वर्षं टिकत नाही. त्वचेवर तर काही तासांतच विरतो. चंदन, ऊद, कस्तुरी, अंबर ही रेंगाळणारी मंडळी. बंद पेटीतल्या कापडावर कस्तुरी वर्षानुवर्षं राहू शकते. पण पडद्याआडून गुलाब आला आणि बारा वर्षं मागे गेलो हे जाणकार प्रेक्षकाला पटणार नाही. शिवाय जहांगिरी अत्तर दरबारात मिरवायला लागल्यावर त्या वासाच्या बायका काय कमी असतील? त्यावरून ओळखायचं म्हणजे पांढऱ्या कपड्यावरून ओळखण्यासारखं.

उपाय त्याच तेलात आहे. गुलाबाचं शुद्ध तेल थंडीत गोठतं. साधारण वीस अंशांच्या आसपास त्यात स्फटिक धरायला लागतात, आणखी गार झालं की ते लोण्यासारखं घट्ट होतं. अस्मत बेगमला ताटावर साय मिळाली ती याच गुणामुळे. चंदनतेलावर उतरवलेलं अत्तर असं गोठत नाही, नुसतं गुलाबाचं गोठतं. आग्र्याच्या थंडीत रात्री कुपी उपडी केली तर काही पडणार नाही. शेगडीजवळ धरली तर पातळ होईल, पण उष्णता जास्त झाली की वास उडेल. जाणकार माणूस ती मुठीत धरतो आणि थांबतो. ही गोष्ट दिसते. वास दिसत नाही, मूठ दिसते. तुमच्या दिग्दर्शकाला हवं होतं ते हेच.

बागेतला प्रवेश मी असा फिरवून बघितला:

शहजादा: (कुपी उपडी करतो. काहीच येत नाही.) रिकामी पाठवली?

ती: गोठलंय हुजूर. थंडी आहे.

(ती हात पुढे करते. तो देत नाही. मग देतो. ती मूठ मिटते.)

शहजादा: किती वेळ?

ती: घाई असेल तर शेगडी मागवते.

शहजादा: शेगडीने लवकर होईल?

ती: लवकर होईल. मग लावायला काही राहणार नाही.

(शांतता. तो बसतो. ती उभीच.)

शहजादा: आमच्यासमोर मूठ मिटून कुणी उभं राहत नाही.

ती: आता उघडली तर परत पहिल्यापासून.

(तो हसतो, थांबतो. ती मूठ उघडते, कुपी देते. तो बोट बुडवून तिच्या हाताच्या पाठीवर लावतो. ती हाताकडे बघत राहते.)

ती: विडा कुठाय?

शहजादा: विडा?

ती: अत्तर झालं. विडा राहिला.

यात 'प्रेम' शब्द नाही, 'सुगंध'ही नाही. शहजादा वाट बघतो. त्याच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. त्या अर्ध्या मिनिटात सत्ता तिच्या मुठीत असते. मग तो अत्तर लावतो आणि सत्ता परत त्याच्याकडे जाते. 'विडा राहिला' हे वाक्य त्याला कळलं की नाही, ते नटावर सोडा. माझं मत, पहिल्या अंकात त्याला कळू नये.

काही फुटकळ गोष्टी. फवारा नको, दाबला की तुषार उडवणारी बाटली 19 व्या शतकातली आहे. मी स्वतः एका मालिकेत ती पडद्यावर आल्यावर पाहिली, तेव्हा बदलायला उशीर झाला होता. गुलाबपाणी शिंपडायची लांब मानेची दाणी चालते. पुरुषांसाठी कानाच्या पाळीत खोचलेला फाया वापरा. फाया कानातून काढून दुसऱ्याला देणं हे फार जवळिकीचं दिसतं, एकही शब्द न बोलता. विषारी अत्तराचं उपकथानक असेल तर काढा, ते सगळ्यांनी लिहून झालंय. नेपथ्यकाराला आग्र्याच्या इतिमादउद्दौलाच्या मकबऱ्याचे फोटो द्या. अस्मत बेगमही तिथेच आहे, नवऱ्याशेजारी. भिंतींवर जडावात सुरया, प्याले, फुलदाण्या आहेत, कुपीचे आकार त्यांतून घेता येतील. आणि धोका हवाच असेल तर इतिहासातला घ्या. 1644 मध्ये शाहजहानच्या मुलीच्या, जहाँआराच्या, तलम कपड्यांनी दिव्याची ज्योत धरली. कपडे अत्तराने माखलेले, त्यामुळे भडका झाला. वाचवायला धावलेल्या दासीही भाजल्या. ती कित्येक महिने अंथरुणाला होती, आणि बादशहा स्वतः तिची शुश्रूषा करत बसला. तुमचं नाटक त्याआधीचं आहे, पण अत्तर लावून दिव्याजवळ जाऊ नको असं दासीने एकदा म्हणायला हरकत नाही.

शेवटचा प्रवेश असा करता येईल. बारा वर्षांनी शहजाद्याचा दरबार. कुणाचा तरी वकील, म्हणजे दूत, निरोप घेतोय. तबक येतं. थंडी आहे, अत्तर गोठलंय. चाकर कुपी हलवतो, उपडी करतो, घाबरतो, कारण वकील हात पुढे करून उभा आहे आणि सगळे बघतायत. कुणीतरी शेगडी म्हणतं. पडद्यामागे बायका बसल्यात. पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर येतो, तळवा वर. चाकर शहजाद्याकडे बघतो. शहजादा मान हलवतो. कुपी तळव्यावर ठेवली जाते आणि मूठ मिटते.

तिथे निदान वीस सेकंद कुणी बोलायचं नाही. दिग्दर्शक दहा म्हणेल, वीसवर अडून राहा. हात आत घ्यायचा नाही, प्रकाश फक्त मुठीवर. शहजाद्याला जवळ जायला लावू नका, नावही घ्यायला लावू नका. वकील अजून हात पुढे करूनच उभा आहे, आणि त्याला अत्तर लागल्याशिवाय कुणालाच जाता येत नाही. मूठ उघडल्यावर शहजादा कुपी घेतो, वकिलाच्या हाताला अत्तर लावतो, आणि चाकराला सांगतो: 'विडा आत दे.' पडद्याकडे बोट दाखवून म्हणायचं की नुसतं बघून, ते तालमीत ठरवा. मी बघूनच म्हणायला लावलं असतं.